समोरासमोर दोन मिसळी: इकडे 50 मिनिटं वेटिंग, तिकडे माश्या

नाशिकला मावशीकडे आलेलो, त्यामुळे रविवारी मिसळ ठरलेलीच. दुकानांची नावं टाकत नाहीये कारण एकाबद्दल जरा वाकडं लिहिणारे आणि दुसऱ्याच्या काकांनी मनमोकळेपणाने जे सांगितलं ते इथे लिहितोय, त्यांना उगाच त्रास नको. रस्ता एकच, दुकानं समोरासमोर, दोन्हीकडे 110 रुपये, पापड, दही, गुळाची जिलेबी सगळं सेम.

मोठ्याच्या बाहेर एक पोरगा वही घेऊन उभा, नाव सांगा आणि थांबा, आमचा नंबर 43. मॅपवर याला 4.2 आणि अकरा हजार रिव्ह्यू. समोरच्याला 4.4 आहे पण रिव्ह्यू फक्त 38, आणि आत एक आजोबा पेपर वाचत बसलेले. मावसभाऊ म्हणे, अरे तिकडे कोणीच नाही म्हणजे काहीतरी गडबड असणार. आमच्या पुढच्या काकूही त्यांच्या मिस्टरांना हेच सांगत होत्या, आणि त्या तर पहिल्यांदाच आलेल्या. समोर खाऊन बघून मग या रांगेत उभा राहिलेला माणूस मला तरी भेटला नाही.

तर 50 मिनिटांनी मिसळ आली. रस्सा नुसता तिखट, काळ्या मसाल्याचा पत्ता नाही, मटकीचा गाळ झालेला. पण पाव, बापरे! हातात घेतला तर गरम, आणि शेव रस्सा ओतल्यावर पण कुरकुरीत. शेवटचा घास तोंडात असतानाच बिल टेबलावर, कारण नंबर 44 डोक्यावर उभा. 5 पैकी साडेतीन.

सोमवारी गुपचूप एकटा समोर गेलो. रस्सा काय होता राव, आधी मसाला लागतो, तिखट मागून येतं, मटकी अख्खी. पण पाव कडक आणि शेव सादळलेली, चक्क मऊ. काकांना म्हटलं पाव आजचा आहे ना, तर म्हणाले, "कालचाय, खोटं कशाला बोलू. आधी पाच लादी घ्यायचो तेव्हा बेकरीवाला दारात टाकायचा. आता दोन पण संपत नाहीत, दोन लादीसाठी तो गाडी वळवत नाही, मग मीच संध्याकाळी जाऊन आणतो." समोर तोच बेकरीवाला सकाळपासून तीन खेपा करतो.

मी तिथेच अडकलो. एमएला असताना अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकरचा एक छोटा रिसर्च पेपर होता, 1991 चा. त्याने कॅलिफोर्नियात पालो आल्टोला सेम सीन बघितलेला, एका सीफूडच्या हॉटेलबाहेर लांब रांग, जवळपास समोरच दुसरं, जेवण तशाच तोडीचं, रेट किंचित जास्त, आणि खुर्च्या रिकाम्या. त्याचा प्रश्न असा की रांगवाला भाव का वाढवत नाही? तर लोकांना मुळात जिथे लोक आहेत तिथेच जायचं असतं, भाव वाढवून रांग मोडली तर गिऱ्हाईक थोडं थोडं कमी होत नाही, धपकन जातं.

2006 ला सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी तर प्रयोगच केला, चौदा हजारांवर लोक, अनोळखी बँडची 48 गाणी, लोकांचे आठ वेगळे गट, आणि प्रत्येक गटाला फक्त आपल्याच गटातले डाउनलोडचे आकडे दिसणार. एक गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्यात 40वं! अगदी भिकार गाणी सहसा वर गेली नाहीत आणि एकदम भारी सहसा तळाला गेली नाहीत, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. आपल्याकडे पैशाकडे पैसा जातो म्हणतात तेच. बाराबाशी आणि आल्बर्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी 1999 ला वेबच्या लिंकांचं गणित असंच मांडलं, नवीन येणारा आधीच जास्त लिंका असलेल्याला जोडला जातो, म्हणून दोनचार साइटी अवाढव्य आणि बाकी ढिगाने बारीक. मग सरासरी काढून काय उपयोग? या रस्त्यावर मिसळीची आठ दुकानं आहेत, त्यांचे सरासरी रिव्ह्यू काढले तर दीड हजाराच्या आसपास येतात आणि तेवढे रिव्ह्यू असलेलं दुकान एकही नाही.

पण बेकरच्या पेपरात लादी नाही ना. तिथे जेवण दोन्हीकडे साधारण सारखंच धरलंय. इथे गर्दीमुळे पाव ताजा, शेव ताजी, आणि रिकामं असल्यामुळे कालचं. म्हणजे सुरुवातीला नशिबाने गर्दी झाली असेल (मावशी म्हणते मोठ्याच्या शेजारी आधी क्लास होता, पोरं तिथेच पडीक असायची), पण आता रांगेतल्या काकू अर्ध्या बरोबर आहेत, समोर खरंच गडबड आहे आणि ती गडबड त्यांच्यासारख्यांनीच केलीये. मी पण रविवारी त्याच वहीत नाव लिहिलं म्हणा.

काकांच्या रस्स्याला साडेचार, पावाला दीड. बुधवारी परत गेलो तेव्हा कोपऱ्यावरच्या बेकरीतून अर्धी लादी घेऊनच गेलो, काका काही बोलले नाहीत, फक्त बिलातून पावाचे पैसे कमी केले. शेव पण सोबत न्यावी का हे ठरवतोय, ते जरा जास्त वाटेल त्यांना.