योगा लावू की स्ट्रेचिंग करू? लवचिकता आणि ताकद दोन्ही हवी असेल तर

खाली वाकलं की हात नडगीपर्यंत जाऊन अडकतात, जमिनीवरून उठताना कशाला तरी धरावं लागतं, मान आणि कंबर सकाळी जखडलेली असते आणि आता काहीतरी सुरू करायचंच असं मनाने घेतलंय, अशा वेळी बहुतेकांपुढे हे दोनच पर्याय असतात. योगावाले म्हणतात स्ट्रेचिंग अर्धवट आहे, स्ट्रेचिंगवाले म्हणतात योगात उगाच वेळ जातो. माझं मत आधीच सांगून टाकतो: नुसत्या लवचिकतेसाठी दोन्ही जवळपास सारखेच चालतात, खरा फरक पडतो तो ताकदीत, आणि तुमचं शरीर आत्ता कडक आहे की मुळातच सैल, यावर तुमची निवड ठरायला हवी.

आधी लवचिकतेचं बघू. बऱ्याच जणांना वाटतं की स्नायू रोज ताणला की तो लांब होत जातो. सुरुवातीला तसं फारसं होत नाही. स्नायूच्या आत ताण ओळखणारे सेन्सर असतात आणि स्नायू झटक्यात ताणला गेला की ते त्याला लगेच आकसायला लावतात, म्हणून तर हिसके देत स्ट्रेच केलं की अंग जास्तच आखडतं. हळूहळू, रोज, सोसेल इतका ताण दिला की मेंदूला तो ताण सवयीचा होतो, त्यात धोका वाटेनासा होतो आणि तो अजून थोडं पुढे जाऊ देतो. पहिल्या ३ ते ८ आठवड्यांत जो फरक दिसतो तो जास्त करून असा सहनशक्ती वाढल्यामुळे असतो. आता हा ताण आसनातून आला की पायाला पट्टा लावून आला याच्याशी मेंदूला काही घेणंदेणं नाही, त्याला कळतं ते फक्त किती वेळ धरलं आणि आठवड्यात किती वेळा केलं.

ते किती, तर अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचा सल्ला असा आहे की एक स्ट्रेच १० ते ३० सेकंद धरा, वय झालेलं असेल तर ३० ते ६० सेकंद, एका स्ट्रेचची दिवसाची एकूण बेरीज ६० सेकंद व्हावी, आणि आठवड्यातून किमान २-३ दिवस. रोज केलं तर सगळ्यात उत्तम. हे आकडे समोर ठेवून कुठलाही क्लास तपासता येतो. भरभर सूर्यनमस्कार घालताना एका स्थितीत एकच श्वास असतो, म्हणजे जेमतेम ३-४ सेकंद. त्याने अंग छान गरम होतं, दम वाढतो, पण मांडीमागचे स्नायू मोकळे होतील अशी आशा धरली तर पदरी निराशा येते. याउलट अय्यंगार पद्धतीत पट्टा, ब्लॉक, खुर्ची असा आधार घेऊन आसन बराच वेळ धरतात, आणि यिन योगात तर ३ ते ५ मिनिटं. त्यामुळे "योगा चांगला का" याचं एकच उत्तर देता येत नाही, कुठला योगा ते आधी विचारावं लागतं.

दोन्ही समोरासमोर ठेवून बघितल्याचं एक उदाहरण आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात जुनाट कंबरदुखीच्या २२८ लोकांवर केलेला हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना १२ आठवडे योगाचे क्लास, काहींना तेवढेच आठवडे स्ट्रेचिंगचे क्लास आणि उरलेल्यांना फक्त कंबरदुखीवरचं एक पुस्तक दिलं. पुस्तकवाल्यांपेक्षा योगावाल्यांना चांगला आराम पडला, पण योगा आणि स्ट्रेचिंग यांच्यात योगा सरस ठरला नाही. त्यात मोजलं होतं ते दुखणं आणि रोजची हालचाल, लवचिकता नाही, हे खरं. तरी "योगात काहीतरी वेगळंच असतं, नुसत्या स्ट्रेचिंगने काय होणार" असं कोणी छातीठोकपणे सांगायला लागलं तर हा अभ्यास आठवा.

आता एक गोष्ट जरा नीट बघू, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. मांडीमागचे स्नायू म्हणजे हॅमस्ट्रिंग मोकळे करायचे म्हणून लोक पहिल्या दिवशी पश्चिमोत्तानासन करतात, म्हणजे पाय लांब करून बसायचं आणि डोकं गुडघ्याकडे न्यायचं. हॅमस्ट्रिंग वरच्या बाजूला बैठकीच्या हाडाला चिकटलेले असतात. ते कडक असले की ते ओटीपोटाचं हाड मागे खेचून धरतात, त्यामुळे खुब्याच्या सांध्यातून पुढे झुकताच येत नाही, मग माणूस पाठीचा कणा गोल करून डोकं कसंबसं खाली आणतो. बाहेरून वाटतं चांगलं वाकला, आत मात्र सगळा भार कमरेच्या मणक्यांवर गेलेला असतो आणि ज्याच्यासाठी एवढं केलं तो हॅमस्ट्रिंग फारसा ताणलेलाच नसतो.

तेच पाठीवर झोपून करून बघा. एक पाय जमिनीवर सरळ, दुसऱ्या पायाच्या तळव्याला पट्टा किंवा ओढणी अडकवून तो पाय गुडघ्यात जवळपास सरळ ठेवत वर आणायचा. पाठ जमिनीला टेकलेली असल्यामुळे तिला गोल होता येत नाही, ओटीपोट जागच्या जागी राहतं आणि ताण बरोबर मांडीच्या मागेच येतो. आता टाच पट्ट्यावर ५ सेकंद हलकेच दाबायची, जणू पाय खाली आणायचाय पण पट्टा आणू देत नाही, मग सोडून द्यायचं आणि श्वास सोडता सोडता पाय अजून थोडा आपल्याकडे ओढून २०-३० सेकंद धरायचा. त्या दाबून सोडण्यानंतर पाय बऱ्याचदा तिथल्या तिथे थोडा जास्त वर येतो, पहिल्यांदा करणाऱ्याला आश्चर्यच वाटतं. ही दाबा-सोडा-ताणा पद्धत फिजिओथेरपीतली आहे, १९४० च्या दशकात अमेरिकेत डॉ. हर्मन काबाट यांनी मज्जासंस्थेच्या आजारांच्या रुग्णांसाठी विकसित केली, पुढे खेळाडूंनी उचलली. आणि गंमत म्हणजे पट्ट्याचा भाग योगातही आहेच, सुप्त पादांगुष्ठासन म्हणतात. म्हणून शरीर खूप कडक असेल तर पहिले काही आठवडे असं झोपून, आधार घेऊन केलेलं स्ट्रेचिंग मला जास्त बरं वाटतं, मग त्याला नाव काहीही द्या.

ताकदीत मात्र चित्र एकदम वेगळं आहे. रोज दहा मिनिटं स्ट्रेचिंग करून ताकद वाढेल ही अपेक्षाच सोडून द्या. रोज तासभर पोटरी ताणून धरली तर ताकद वाढते असे प्रयोग झालेत, पण एका स्नायूसाठी रोज तास देणं कोणाला परवडणार.

योगा इथे खूप पुढे आहे, पण अट एकच, उभ्या राहून करायची आणि हातांवर भार घ्यायची आसनं त्यात हवीत. वीरभद्रासनात पुढचा गुडघा वाकवून अर्धा-पाऊण मिनिट उभं राहा, मांडीला अशी रग लागते की पाय थरथरायला लागतो. उत्कटासन, म्हणजे खुर्चीत बसल्यासारखे गुडघे वाकवून उभं राहणं, तेही तसंच. चतुरंग दंडासन, म्हणजे पुशअपमध्ये अर्ध्यावर खाली येऊन थांबणं, हे तर नवख्या माणसाला जमतच नाही आणि तरी सगळ्या क्लासला ते पटापट करायला लावतात. कोपर बरगड्यांजवळ, दंड जमिनीला समांतर होईपर्यंतच खाली यायचं. खांदे कोपराच्याही खाली गेले की खांद्याच्या पुढच्या भागावर भार येतो आणि काही महिन्यांनी तिथे दुखणं सुरू होऊ शकतं. गुडघे टेकवून करा, कमीपणा वाटून घेऊ नका, ताकद त्यानेच येते.

पण योगाची एक मोठी उणीव फार कमी लोक सांगतात: त्यात ढकलणं भरपूर आहे आणि ओढणं जवळपास नाहीच. जमिनीला ढकलता येतं, जमिनीला ओढणार कसं? त्यामुळे पाठीचे मोठे स्नायू, खांद्यामागचे स्नायू, दंडाचा पुढचा भाग हे तसेच राहतात. दुसरं, शरीराचं वजन तेच राहतं, काही महिन्यांनी स्नायूंना त्याची सवय होते आणि मग ताकद वाढायची थांबते. हॅमस्ट्रिंगचंही तसंच, योगात त्यांना ताणतात खूप पण ताकद देणारी आसनं थोडीच, शलभासन (पालथं झोपून पाय उचलणं), सेतुबंधासन (पाठीवर झोपून कंबर उचलणं) वगैरे. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला मोठ्यांसाठी आठवड्यातून किमान २ दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम असा आहे. योगा करत असाल तर आठवड्यात दोनदा रबर बँड ओढायचा किंवा डंबेल उचलायचे एवढी भर घातली की ही कसर भरून निघते.

आणि हो, तिसरा पर्यायही डोक्यात असू द्या. वजनं उचलण्याचे व्यायाम सांध्याच्या पूर्ण हालचालीत केले, म्हणजे स्क्वॉट खालपर्यंत, हात पूर्ण सरळ करून मग वर, तर त्यानेही लवचिकता स्ट्रेचिंगइतकीच वाढते असं २०२१ च्या एका आढाव्यात आलंय, ज्यात आधीचे बरेच प्रयोग एकत्र तपासले होते. ज्यांना वेळ कमी आणि ताकद जास्त हवी त्यांनी हा विचार जरूर करावा.

खेळणाऱ्या, पळणाऱ्या लोकांसाठी छोटंसं. पळायच्या किंवा उडी मारायच्या आधी एकेक स्नायू मिनिटापेक्षा जास्त ताणून धरला तर थोड्या वेळासाठी जोर कमी पडतो, म्हणून आधी पाय झुलवणं किंवा संथ सूर्यनमस्कार आणि लांब स्ट्रेच नंतर. नंतर केल्याने दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं थांबेल असं मात्र नाही, त्यात फरक नगण्य असतो.

सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती मुळातच लवचिक लोकांची. कोपर आणि गुडघे सरळ रेषेच्याही मागे जातात, हाताचा अंगठा वाकवला की सहज मनगटाच्या वर हाताला टेकतो, क्लासमध्ये सगळे यांच्याकडे बघत राहतात आणि यांनाही स्ट्रेच करायला मनापासून आवडतं, कारण जमतं. पण यांच्या सांध्यांना अजून सैल होण्याची गरजच नसते, त्यांना धरून ठेवणारे स्नायू हवे असतात. तुम्ही यातले असाल तर स्ट्रेचिंग निवडू नका. ताकदीचा व्यायाम निवडा, योगाच करायचा असेल तर सांधा शेवटपर्यंत न नेता थोडं अलीकडे थांबून स्नायू आवळून आसन धरा.

साठीच्या आसपास असाल तर योगाचं पारडं माझ्या मते जड आहे, कारण त्यात तोल सांभाळणं आपोआप येतं. वृक्षासन, म्हणजे एका पायावर उभं राहणं, भिंतीजवळ केलं तरी चालतं. पण हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर पाठ गोल करून पुढे वाकायची आसनं टाळा, त्याने मणक्याला फ्रॅक्चर होऊ शकतं. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत, डोळ्यातला दाब वाढतो. आणि पद्मासन येत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, खुब्याच्या हाडांची ठेवणच प्रत्येकाची वेगळी असते. खुबा फिरत नसताना पाय ओढून वर ठेवला तर पीळ गुडघ्याला बसतो. गुडघ्यात कळ आली की तिथेच सोडायचं. बैठकीच्या हाडाजवळ, अगदी वरच्या टोकाला दुखायला लागलं तरी पुढे वाकणं थांबवा, ते स्नायू ताणल्याचं गोड दुखणं नसतं, तिथला कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, चिडलेला असतो.

निवड केल्यावर सुरुवातीलाच दोन मापं घेऊन ठेवा. झोपून सरळ पाय किती वर येतो त्याचा बाजूने फोटो काढा, आणि खुर्चीवरून हात न टेकता ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजा. दोन महिन्यांनी परत बघा. पाय वर आला पण उठणं तेवढंच राहिलं तर स्ट्रेचिंगचा वेळ निम्मा करून तो उभ्या आसनांना किंवा वजनांना द्या. उठणं वाढलं पण पाय तिथेच अडकला असेल तर क्लास बदलायची गरज नाही, घरी पट्टा घेऊन रोज दोन्ही पायांना एकेक मिनिट द्या.