कीटकभक्षी वनस्पतींसाठी घरी कालवलेले मिश्रण: अकरा महिन्यांचा अनुभव

बागकामात मुरलेल्या माणसाला कीटकभक्षी वनस्पती वाढवताना सर्वांत आधी स्वतःचा हात आवरावा लागतो, कारण कुंडी भरायला घेतली की मूठभर शेणखत किंवा गांडूळखत आपोआप त्यात पडते आणि इथे नेमके तेच झाडाच्या मुळावर येते. गेल्या ऑगस्टमध्ये मी पुण्यातल्या आमच्या गच्चीवर तीन व्हीनस फ्लायट्रॅप (पानांचे सापळे मिटून किडे धरणारे), दोन ड्रोसेरा (चिकट केसांवर किडे अडकवणारे; आपल्याकडचे दवबिंदू याच कुळातले) आणि एक संकरित घटपर्णी (पानांच्या टोकांना किडे पकडणारे कलश धरणारी) आणली. तेव्हापासून चार मिश्रणे करून पाहिली, त्यांपैकी दोन टिकली.

ही झाडे नत्र आणि स्फुरद जवळजवळ नसलेल्या जमिनीत वाढतात आणि ती उणीव किडे पकडून भरून काढतात. कासच्या पठारावर जांभ्यावरच्या पातळ, ओल्या थरात दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती उगवतात, ती याच कारणाने. त्यामुळे मिश्रणात काय घातले यापेक्षा त्यातून क्षार किती सुटतात हे पाहावे लागते. मी कुंडीखालून निथळलेले पाणी वाटीत धरून टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या उपकरणाने मोजतो. आकडा 50 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 50 भाग) आत असला की निर्धास्त असतो. 100 च्या पुढे गेला तर वरून पावसाचे पाणी ओतून कुंडी धुऊन काढतो.

स्वस्त म्हणून सुरुवात कोकोपीटने, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाने केली. पहिल्या धुण्याचे पाणी चहासारखे लाल आले आणि मीटरने 900 च्या वर आकडा दाखवला. सात वेळा धुतल्यावर तो 60 वर आला, म्हणून मी फ्लायट्रॅप लावला. परंतु दोन महिन्यांत कुंडीखालच्या थाळीतल्या पाण्याचा आकडा पुन्हा 200 झाला आणि नवे सापळे उघडण्याआधीच काळे पडू लागले. साध्या पाण्याने सुटे मीठ निघून जाते, तंतूंना चिकटून बसलेले सोडियम आणि पोटॅशियम मात्र सावकाश सुटत राहते. व्यावसायिक रोपवाटिका त्यावर कॅल्शियम नायट्रेटचा उतारा करतात, पण ते स्वतःच खत असल्याने मी त्या वाटेला गेलो नाही.

दुसरी फसगत पीट मॉसच्या (दलदलीत साचून अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या) एका पिशवीने केली. तिच्यावर बारीक अक्षरांत खत मिसळल्याचे छापलेले होते आणि ते विक्रेत्याने सांगितले नाही, मीही वाचले नाही. एक ड्रोसेरा त्यात गेला.

टिकलेले पहिले मिश्रण म्हणजे निव्वळ पीट मॉस आणि परलाइट (तापवून फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे), दोन्ही एकाच डब्याने मापून समसमान. कोरडे पीट पाणी घेतच नाही, वर थेंब नाचत राहतात. म्हणून ते कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, दुसऱ्या दिवशी लाडू वळताना दाबतो तसे दाबून मगच मिसळावे. परलाइटची धूळ छातीत जाऊ नये म्हणून पिशवीतच पाणी शिंपडावे. परलाइट मिळाले नाही तेव्हा पाण्याच्या फिल्टरमध्ये भरतात ती सिलिका वाळू वापरली, तीही चांगली चालली. बांधकामाच्या वाळूवर मात्र व्हिनेगर टाकताच बुडबुडे आले, म्हणजे त्यात चुना होता.

घटपर्णीला हे मिश्रण फार घट्ट होते. तिची मुळे बारीक आणि नाजूक असल्यामुळे तिला लांब तंतूंचा स्फॅग्नम मॉस (दलदलीतले वाळवलेले शेवाळ) दोन भाग, परलाइट एक भाग आणि ऑर्किडसाठीची साल एक भाग असे मोकळे मिश्रण दिले, आणि कुंडी थाळीत न ठेवता टांगली. जुन्या मिश्रणात असताना तिच्या पानांच्या टोकांना कलशच धरत नव्हते. बदलल्यानंतर चौथ्या महिन्यात बोटभर लांबीचा पहिला कलश झाकण उघडून उभा राहिला.

खर्च साध्या मातीच्या कितीतरी पट आहे, हे मान्य करावे लागेल. शिवाय पीट वर्षभरात दबून बसते, परलाइट पाण्याबरोबर वर तरंगून येते आणि पृष्ठभागावर हिरवे शेवाळ धरते. थाळीत डासांच्या अळ्या होतात, म्हणून ती आठवड्यातून दोनदा ओतावी लागते. मातीच्या कुंड्याही बाद केल्या, कारण त्यांच्या भिंतींतून क्षार झिरपतात. आता सगळे प्लॅस्टिकमध्ये आहे. फ्लायट्रॅपचे पीट मी येत्या जानेवारीत, झाडे थंडीत सुस्तावलेली असताना बदलणार आहे, आणि त्यासाठी पावसाच्या पाण्याचे दोन पिंप आताच भरून झाकून ठेवले आहेत.