देणगीदारांशी बोलायला काय बरं: फेसबुक पेज की व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट?

दोन-चार कार्यकर्ते, मोबाइलचं काम बघणारा त्यातला एकच आणि दरवर्षी साथ देणारे शे-दीडशे देणगीदार, अशी तुमची संस्था असेल तर दोन्ही माध्यमं सारख्याच जोमानं चालवणं होत नाही. एकाला मुख्य मानावंच लागतं. (ब्रॉडकास्ट लिस्ट म्हणजे एकच निरोप यादीतल्या प्रत्येकाला वेगवेगळा पाठवायची सोय.) आम्ही बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करतो. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडं निघतात, बरीच मुलं आजी-आजोबांपाशी मागं राहतात आणि धान्य, वह्या, थंडीचे कपडे असं सगळं एकदम लागायला सुरुवात होते.

अनोळखी माणसांपर्यंत पोहोचायचं तर पेजला तोड नाही. शिबिराला स्वयंसेवक हवेत, गणित शिकवणारं कुणी हवंय, अशा वेळी तेच कामाला येतं. नवा देणगीदारसुद्धा पैसे देण्याआधी पेज उघडून संस्था खरंच काही करते का ते बघतो. त्यामुळं पेज बंद करा असं मी म्हणणार नाही. मात्र ते परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही जातं, तिथं एक सांभाळा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी चालते. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्याची देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही. पेजवर नुसता क्यूआर कोड लावून ठेवला की हे विचारायची वेळच येत नाही.

माझं मत फिरलं ते स्वेटरवरून. एका डिसेंबरात आम्ही पेजवर मुलांच्या वयांसकट आवाहन टाकलं. लोकांनी भरभरून पुढं पाठवलं आणि आठवडा संपायच्या आत पुरेसे स्वेटर जमले. लगेच ‘गरज भागली, आता पाठवू नका’ असंही टाकलं, मूळ पोस्टमध्ये तशी दुरुस्ती केली. पण मजकूर कॉपी करून आपापल्या भिंतीवर लावणाऱ्यांपर्यंत ती दुरुस्ती जाणार कशी? मागणी जितक्या वेगानं फिरते तितक्या वेगानं ‘मिळालं’ कधीच फिरत नाही. संक्रांत उलटली तरी खोकी येतच होती. मोठ्या माणसांचे कोट, उसवलेल्या बाह्या, चेन तुटलेली जर्किनं. ठेवायला जागा नव्हती, पण खरा त्रास जागेचा नव्हता. एका आजींनी फोन करून माप विचारलं, त्यांनी हातानं विणायला घेतलं होतं. त्यांना ‘आता नको’ म्हणताना जीव तुटला. मनापासून देणाऱ्याला नाही म्हणायची पाळी आली, तर तो पुन्हा आपणहून विचारेल याची खात्री नसते.

ब्रॉडकास्टमध्ये मागणी आणि ‘मिळालं’ दोन्ही त्याच माणसाला, एकाखाली एक दिसतात. तोही निरोप पुढं पाठवला जातोच, म्हणून प्रत्येक आवाहनात शेवटची तारीख मजकुरातच घालावी. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते हे, की उत्तर फक्त तुमच्याकडं येतं. ‘स्वेटर झाले असतील तर वह्यांचं बघू का?’ असं कुणी कमेंटमध्ये क्वचितच लिहितं, इथं मात्र लिहितात. पॅनचंही तेच. देणगीदाराला आयकरात सवलत मिळायची तर देणगीची नोंद आयकर खात्याकडं भरून त्याला प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यासाठी पॅन लागतो आणि तो चारचौघांत कुणी सांगत नाही.

मग ग्रुप का नको? कारण ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. देणगीदाराला उद्या विमा एजंटाचा फोन आला तर तो आपल्यालाच बोलणार, आणि ते रास्तच आहे. भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅनलमध्ये नंबर झाकलेले राहतात, पण ते एकतर्फी आहे आणि आपली माणसं कोण हे आपल्याला नीटसं कळत नाही. हजारो लोकांना नुसती माहिती द्यायची असेल तर चॅनल बरं.

ब्रॉडकास्टलाही मर्यादा आहेत. एका यादीत २५६ जणच मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोहोचतो. हजारभर देणगीदार असतील तर हे कदाचित जड जाईल. आमच्याएवढ्या संस्थेला मात्र मी हेच सुचवेन. पावतीवरच ‘हा क्रमांक संस्थेच्या नावानं सेव्ह करा’ असं छापून घ्या. नंबर संस्थेच्या सिमचा असू द्या, कार्यकर्त्याचा खासगी नको, नाहीतर तो माणूस सोडून गेला की यादीही त्याच्याबरोबर जाते. आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी, गणपतीच्या सुमारास, एक साधा खुशालीचा निरोप पाठवून तो कुणाकुणाला पोहोचला ते मेसेज इन्फोमध्ये बघा. दोन दिवसांनीही ज्यांची नावं तिथं दिसत नाहीत, त्यांना फोन लावा. कुणी मोबाइल बदललेला असतो, कुणी आजारी असतं, आणि आपण पैसे मागायला फोन केलेला नाही हे कळलं की बोलणं लांबतं.