आईचा बिननेटचा पॅक: दिवस मोजून घ्या

बिननेटचा रिचार्ज पॅक चांगला आहे, घरात बटणांचा फोन वापरणारं कुणी असेल तर जरूर घ्या. फक्त ‘वर्षाचा’ एवढं ऐकून पैसे भरू नका, आणि कंपन्यांनी मोठ्या मनाने काही दिलंय असंही समजू नका.

बोलणं अमर्याद, थोडे एसेमेस, नेट शून्य, असा हा व्हॉइस पॅक. आईसाठी घेतला. आई इंदूरच्या राजेंद्रनगरात राहते, ऐंशीला टेकलीय. तिला फोन लागतो तो पुण्याच्या ताईशी आणि ग्वाल्हेरच्या मावशीशी बोलायला, गॅसचा नंबर लावायला आणि बँकेचा ओटीपी यायला. व्हॉट्सअॅप नाही, यूट्यूब नाही, आणि तिला नकोच आहे. तरी इतकी वर्षं तिच्या प्रत्येक रिचार्जमध्ये नेटचे पैसे जात होतेच. त्यात 28 दिवसांचा महिना! वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. एअरटेलचा 2025 मधला 199 चा 28 दिवसांचा पॅक धरला तर तेरा वेळचे होतात 2587 रुपये. माणूस फक्त ‘जेवलीस का’ विचारणार, त्याला.

बिननेटचा पॅक बाजारात आला तो ट्रायमुळे, म्हणजे फोन कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेमुळे. 23 डिसेंबर 2024 ला ट्रायने नियम काढला की नुसतं बोलणं आणि एसेमेस असलेला पॅक प्रत्येक कंपनीने द्यायचा, आणि अशा पॅकची मुदत 365 दिवसांपर्यंत ठेवता येईल. मग जानेवारी 2025 मध्ये जे झालं ते मी कागदावर मांडून बघितलं, कारण चाळीस वर्षं दुकानाच्या वह्या लिहिणाऱ्या बापाची मी मुलगी. एअरटेलकडे 84 दिवसांचा 509 चा आणि वर्षाचा 1999 चा असे पॅक होते, त्यातलं नेट काढलं आणि भाव लावले 499 आणि 1959. म्हणजे 6 जीबी नेटची किंमत दहा रुपये आणि 24 जीबीची चाळीस! गवळ्याने दुधावरची साय काढून घ्यावी आणि वर चार आणे सूट दिली म्हणून ऐटीत सांगावं, तसलाच प्रकार. ट्रायने ‘हे आम्ही तपासू’ म्हटल्यावर थोड्याच दिवसांत भाव उतरले, 469 आणि 1849 झाले. जिओचा 1958 चा होता तो 1748 वर आला. ऐकायला झकास, 210 रुपये कमी! पण 365 दिवसांचे 336 झाले. रुपयांबरोबर 29 दिवसही गेले.

म्हणून रोजचा हिशेब. एअरटेलचे 1849 भागिले 365, दिवसाला 5 रुपये 7 पैसे. जिओचे 1748 भागिले 336, दिवसाला 5 रुपये 20 पैसे. स्वस्त दिसतो तो महाग निघाला. तीन महिन्यांच्या पॅकमध्ये मात्र उलटं आहे: दोन्ही 84 दिवसांचे, जिओ 448, एअरटेल 469. हे सगळे जानेवारी 2025 चे भाव, तुम्ही घ्याल तेव्हा नव्याने भागाकार करा.

आता स्पर्धा म्हणाल, तर ती उरलीय फक्त या भागाकारात. 2009 मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा लावला आणि सगळ्यांना मागोमाग यावं लागलं. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं ते फुकट वाटतच. त्या रेट्यात एअरसेल बुडाली, टेलिनॉर आणि डोकोमो एअरटेलमध्ये गेल्या, ऑगस्ट 2018 मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. उरल्या तीन खाजगी आणि बीएसएनएल. जुलै 2024 मध्ये जिओ आणि एअरटेलने 3 तारखेला भाव वाढवले, व्होडाफोन आयडियाने 4 तारखेला. बीएसएनएलने तेव्हा वाढवले नाहीत. बाकी तिघांनी ठरवून केलं असं मी म्हणत नाही, पण ठरवायची गरज तरी काय होती?

पॅक मारायला मी जेल रोडवरच्या एका दुकानात गेले. अॅपमध्येही असतो, पण खाली सरकवत सरकवत जाल तेव्हा सापडेल. दुकानदाराने आधी 28 दिवसांचाच दाखवला. म्हटलं, सिर्फ बात करने वाला, साल भर का. तो म्हणाला, “दीदी, नेट वाला ले लो, आजकल बिना नेट के कौन रहता है?” म्हटलं, हमारी आई रहती है. मग तो हसला आणि काढून दिला. एक काम मात्र त्याने न सांगता केलं: सिमच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर मुदत संपायची तारीख लिहिली आणि फोनच्या पाठीला रबरबँडने लावली. कंपनीचे मेसेज आई वाचत नाही, हा पुठ्ठा वाचते. मुदत संपली की आउटगोइंग बंद होतं आणि पाठोपाठ इनकमिंगही, म्हणून ही पट्टी पॅकइतकीच कामाची.

वापराबद्दल तक्रार नाही. फोन लागतात, ओटीपी येतात. अमर्याद असूनही आई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघूनच बोलते, मिनिट भरायच्या आत “ठेवते गं” म्हणून कट. इनकमिंगलाही पैसे पडायचे त्या काळातली सवय. ते फुकट झालं 2003 मध्ये. तिला अजून खरं वाटत नाही.

घेण्याआधी दोन गोष्टी बघा. फोन जुना टूजीचा असेल तर जिओ चालणारच नाही, त्यांचं टूजी नाहीच. आणि फोनही नवा घ्यायचा असेल तर जिओच्याच साध्या जिओभारत फोनचा 28 दिवसांचा पॅक बघा, 2025 मध्ये तो 123 ला होता, दिवसाला 4 रुपये 39 पैसे पडायचे आणि नेटही मिळायचं. पण तो त्याच हँडसेटवर चालतो, सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालाल तर नाही.

मावशीचं सिम वेगळ्या कंपनीचं आहे, तिथे वर्षाचा हिशेब जमत नाही. ग्वाल्हेर आणि इंदूर एकाच मध्यप्रदेश-छत्तीसगड सर्कलमध्ये, त्यामुळे 1900 वर पोर्टचा (नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचा) मेसेज टाकून आलेला कोड नव्या कंपनीला दिला की तीन कामाच्या दिवसांत कंपनी बदलून मिळायला हवी. आताच्या कंपनीकडे 90 दिवस झालेले हवेत एवढंच. पाचपैकी साडेतीन तारे देते. अर्धा कापला तो 1959 साठी, आणि उरलेला एक अॅपमध्ये पॅक लपवून ठेवतात त्यासाठी.