शिसमचं हँडल म्हणून रंगवलेलं लाकूड, सोसायटीत येणाऱ्या किचन टूल्सच्या स्टॉलपासून सांभाळा

दिवाळीच्या आधी सोसायट्यांमधे स्टॉल लागतात ना, पणत्या, आकाशकंदील, ड्रायफ्रूटवाले, त्यात एक "डायरेक्ट फॅक्टरीतून" किचन टूल्सवाला पण असतो, लाकडी हँडलचे काटे, झारे, उलथनी, सगळं लाल मखमली कापडावर मांडलेलं. आमच्याकडे पुण्यात आला होता. माझ्यासकट बिल्डिंगमधल्या बऱ्याच जणांकडून पैसे घेऊन गेला आणि आता फोन बंद. बॅनरवरचं नाव लिहून उपयोग नाही कारण मैत्रिणीच्या सोसायटीत तोच माणूस वेगळ्या नावाने आला होता, पण फसवायची पद्धत तीच असते म्हणून ती नीट लिहिते.

मला हवा होता काटा. माहेर जळगावचं, थंडी पडली की भरीत होणारच. तिकडे शेतात तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्या पेटवून ढिगाने वांगी भाजतात, इथे फ्लॅटमधे गॅसवर एकेक वांगं फिरवत बसायचं. आणि भरताचं वांगं म्हणजे मोठं, एकेक अर्ध्या किलोचं, ते भाजून मऊ झाल्यावर चिमट्याने धरलं की फुटतं आणि सगळा रस बर्नरमधे जातो. लांब दांड्याचा दोन दातांचा काटा देठापाशी खुपसला की आरामात चारी बाजूंनी फिरवता येतं. हँडल लाकडीच पाहिजे, अख्खा स्टीलचा काटा वांगं भाजून होईस्तोवर मुठीपर्यंत तापतो आणि प्लॅस्टिकचं हँडल आचेजवळ मऊ पडतं, वास मारतं ते वेगळंच.

तर याच्याकडे कॉम्बो होता, काटा, झारा, उलथनं. बॉक्सवर एमआरपी २४९९, दिवाळी ऑफर ८९९. हँडल "ओरिजिनल शिसम, सहारनपूरचं", स्टील "३०४ फूड ग्रेड", वर "लाइफटाइम गॅरंटी". माणूस बोलायला एकदम गोड, प्रत्येकीला ताई, वयस्कर दिसल्या की काकू, आणि कुणी काही विचारायच्या आतच डेमो सुरू. खिशातनं लोहचुंबक काढला, काट्याला लावला, चिकटत नाही, "बघा ताई, ३०४ आहे, लोखंड असतं तर चिकटलं असतं". मग लायटर पेटवून हँडलवर धरला, काजळी फडक्याने पुसली, "जळलं का?". मग हँडलवर पाण्याचे थेंब टाकले, मोत्यासारखे उभे राहिले, "मुरलं का?". पुढे काटा टेबलावर दणकन आपटून दाखवला. बघणाऱ्याला वाटतं एवढ्या टेस्ट करतोय म्हणजे माल खराच असणार.

आता यातली प्रत्येक टेस्ट कशी फुसकी आहे ते सांगते, हे मला नंतर आमच्या फर्निचरच्या मिस्त्रींनी आणि एका भांडेवाल्यांनी समजावलं. चुंबकाचं म्हणाल तर ३०४ ला चिकटत नाही हे खरंय, पण स्वस्तातलं २०१, २०२ किंवा बाजारात ज्याला जे-फोर म्हणतात ते स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. ३०४ मधे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, निकेल महाग, म्हणून २०० सिरीजमधे निकेल कमी करून मँगनीज घालतात, चुंबकाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. उलट चांगलं ३०४ सुद्धा जिथे वाकवलंय, ठोकलंय तिथे किंचित ओढ दाखवतं. म्हणजे चुंबकाने फार तर साधं लोखंड किंवा ४३० सारखं चिकटणारं स्टील ओळखता येतं, बाकी काही नाही. लायटर दोनतीन सेकंद धरला तर एवढ्या जाडीचं कुठलंच लाकूड पेटत नाही. पाण्याचे थेंब उभे राहतात ते वरच्या लॅकरमुळे, म्हणजे चकचकीत पॉलिशच्या थरामुळे, खाली लाकूड काय आहे याच्याशी संबंधच नाही. आणि टेबलावर आपटला तो काटा त्याचा स्वतःचा डेमोचा होता, बॉक्समधला नव्हे! दुकानदार न विचारता जी टेस्ट करून दाखवतो ती त्याच्या मालाला पास होणारीच असते, हे एवढं धरून चाला.

घरी आणून पहिल्यांदा धुतला तेव्हाच सिंकमधे चहासारखं पाणी उतरलं. आठवड्याभरात हँडलच्या तोंडाशी जी पितळेची शेंबी, म्हणजे कडं, होती तिच्याखालून पांढरट लाकूड दिसायला लागलं आणि तिथेच गंजाचे ठिपके. मग एक दिवस वांगं भाजताना दांडा हँडलमधून सरळ निसटला, गरम वांगं शेगडीवर आणि काट्याचे दात माझ्या मनगटाला लागून खाली. भाजलं थोडंसंच पण शेजारी मुलगी उभी होती, तिच्या अंगावर पडलं असतं तर काय झालं असतं म्हणून मी जास्त चिडले.

मिस्त्रींनी ते हँडल करवतीने उभं चिरून दाखवलं. आत स्टीलची पट्टी नावालाच, बोटाच्या पेराएवढी, तिच्याभोवती भुसा आणि सरस कोंबलेला. बाहेरून जे तीन पितळी रिव्हेट दिसत होते ते रिव्हेट नव्हतेच, नुसती डोकी चिकटवलेली, एका नखाने निघाली. खरा रिव्हेट आरपार जातो, त्यामुळे हँडलच्या दोन्ही बाजूंना तो समोरासमोर त्याच जागी दिसतो, आमच्या हँडलवर एका बाजूचे आणि दुसऱ्या बाजूचे चक्क मागेपुढे होते. हे स्टॉलवर उभं राहून पाच सेकंदात बघता येतं, म्हणून मी आता सगळ्यांना आधी हेच सांगते. लाकूड आतून पूर्ण पांढरं, हलकं, पॅकिंगच्या खोक्यांचं असतं तसं, वर गडद स्टेनर मारलेला. मिस्त्री म्हणाले, ताई, शिसमचासुद्धा बाहेरचा भाग पांढरट असतो, पण त्याला लवकर कीड लागून भुसा पडतो म्हणून चांगला कारागीर तो घेत नाही, गाभ्याचं लाकूड तपकिरी आणि त्यात काळपट रेषा, चिरलं तरी आत तोच रंग. हातात घेतलं की वजनही जाणवतं.

स्टीलचं पण बघून घेतलं, भांडेवाल्यांनी ओळखीच्या भंगारवाल्याकडे पाठवलं. त्याच्याकडे एक टेस्टिंगचं पाणी असतं, थेंब टाकायचा आणि नऊ व्होल्टची छोटी बॅटरी लावायची, मँगनीजवालं स्टील असेल तर थेंब लाल होतो. झाला लाल. हे स्टील म्हणजे विष वगैरे नाही, घाबरू नका, भरपूर घरांत असतं, पण मीठ, लिंबू, चिंच लागत राहिली आणि ओल राहिली की ३०४ पेक्षा लवकर गंजतं, आणि मुख्य म्हणजे ३०४ चे पैसे घेऊन ते विकायचं ही सरळसरळ चोरी आहे.

बॉक्सवर "आयएसआय क्वालिटी" असं छापलेलं होतं. खऱ्या आयएसआय मार्कच्या वर त्या वस्तूचा आयएस नंबर असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर, तो बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) केअर ॲपमधे टाकला की कंपनीचं नाव येतं. नुसता शिक्का आणि नंबर नाही म्हणजे शोभेचा शिक्का. तसंच पॅक केलेल्या वस्तूवर बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क हे कायद्याने लागतं. आमच्या बॉक्सवर "मार्केटेड बाय" आणि खाली फक्त शहराचं नाव, पिनकोड पण नाही.

मी बिल मागितलं होतं, तो म्हणाला ताई गॅरंटी कार्ड हेच बिल. यूपीआयवर पैसे केले तर नाव कुठल्यातरी तिसऱ्याच माणसाचं आलं. १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी तक्रार नोंदवली, नीट बोलले, पण विक्रेत्याचा पत्ता नसेल तर ते तरी पाठवणार कुठे. पत्ता असता तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पण लागत नाही. अडलं ते फक्त पत्त्यापाशी. आमच्या कमिटीने त्याच्याकडून स्टॉलचं दिवसाचं भाडं व्यवस्थित घेतलं, आधार नाही, जीएसटी नंबर नाही, काही नाही. मीटिंगमधे विचारलं तर सेक्रेटरी म्हणे वस्तू घ्यायची की नाही ते ज्याचं त्याने बघावं. बरं, मग गेटवर आमच्या पाहुण्यांची नावं, फोन, फोटो कशाला घेता?

मग मी बोहरी आळीतून दुसरा काटा आणला, साधा, पॉलिशची चकाकी नाही. घेताना बघितलं की स्टीलची पट्टी हँडलच्या बुडापर्यंत गेलेली दिसते, दोन लाकडी फळ्यांच्या मधे, आणि रिव्हेट आरपार. ज्यात पट्टी दिसत नाही असा गोल हँडलचा असेल तर दांडा एका हाताने आणि मूठ दुसऱ्या हाताने धरून पिळून बघायचं, जराही करकरलं तर ठेवून द्यायचा. हँडलचं बूड बघायचं, तिथे लाकडाचा आडवा काप असतो, रंग थापून तो बुजवलेला असेल तर का बुजवलाय ते विचारायचं. पर्समधे नेलपेंट रिमूव्हर असेल तर कापसाने एका कोपऱ्यात घासू द्या म्हणावं, पण त्यात एक आहे, लाखेचं पॉलिश पण थोडा रंग सोडतं, त्यामुळे कापूस जरा पिवळसर झाला म्हणून भांडू नका, खालचं लाकूड पांढरं निघालं तर मात्र सोडू नका.

वापरताना लाकडी हँडलचं काहीही रात्रभर सिंकमधे भिजत घालू नका, चांगल्यातलं चांगलं लाकूड फुगतं, वाळताना आक्रसतं आणि रिव्हेटशी फट पडते, मग त्यात पाणी जातं. धुवायचं, लगेच पुसायचं, हँडल वर करून उभं ठेवायचं, कडक उन्हात नाही, तडकतं. डिशवॉशर अजिबात नको. कोरडं दिसायला लागलं की खायचं जवसाचं तेल अगदी पातळ चोळायचं आणि आठवडाभर वाळू द्यायचं, ते वाळून घट्ट होतं, शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, चिकट होतं आणि खवट वास येतो. हार्डवेअरमधलं डबल बॉइल्ड जवसाचं तेल नको, त्यात लवकर वाळायला धातूचे ड्रायर घातलेले असू शकतात. आणि जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेटू शकतं, पसरून वाळवा.

तर तो स्टॉल ओळखायचा असा, लाल मखमल, हातात चुंबक आणि लायटर, बॉक्स तपकिरी त्यावर सोनेरी स्टिकर, "आज शेवटचा दिवस" असं रोज सांगतो. मैत्रीण म्हणाली की आता सिंहगड रोडच्या बाजूच्या सोसायट्यांमधे फिरतोय. तुमच्या ग्रुपवर टाका, आणि ज्यांनी आमच्यासारखाच माल घेतलाय त्यांनी बॉक्स आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट फेकू नका, आम्ही सगळ्यांच्या तक्रारी एकत्र करून पोलीस चौकीत देणार आहोत.