अलेक्झांड्रियात एकच दिवस: काय बघावं, काय सोडावं?

कैरोहून सकाळी निघायचं आणि रात्री परतायचं, हा अलेक्झांड्रियाचा नेहमीचा बेत. अंतर सुमारे 220 किलोमीटर, म्हणजे पाच-सहा तास प्रवासातच जातात. उरलेल्या वेळात सगळी यादी उरकायला गेलात तर फोटो काढा आणि पुन्हा बसमध्ये चढा, एवढंच होईल. काहीतरी गाळावंच लागतं.

गाळताना एक ध्यानात ठेवा. इ.स.पू. 331 मध्ये अलेक्झांडरने वसवलेलं शहर आज जमिनीवर जवळपास नाहीच. दीपगृह गेलं, ग्रंथालय गेलं, खुद्द अलेक्झांडरची कबर कुठे आहे याचा पत्ता नाही. जे उरलंय ते इमारतींच्या खाली नाहीतर समुद्राच्या तळाशी. म्हणून माझा कल सरळ आहे: जिथे खाली उतरता येतं, किंवा खालून वर काढलेलं बघता येतं, तिथे वेळ घालवा.

पहिली निवड कैतबेचा किल्ला की कोम अल-शुकाफाची भूमिगत दफनगृहं. किल्ला सुलतान कैतबेने 1477 मध्ये बांधायला घेतला, तोही फारोसच्या प्रसिद्ध दीपगृहाच्या जागेवर. भूकंपांनी ढासळलेल्या त्या दीपगृहाचे मानले जाणारे अजस्र दगड पाणबुड्या संशोधकांनी 1990च्या दशकात किल्ल्याच्या पायथ्याशीच समुद्रात शोधले. गोष्ट भारी आहे, पण ती पाण्याखाली आहे. वर दिसतात रिकाम्या खोल्या आणि समुद्र. जंजिरा आणि सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाने किल्ला बाहेरून बघितला तरी चालेल. शुक्रवारी इजिप्तमध्ये लोकांना साप्ताहिक सुट्टी असते, त्या दिवशी किल्ल्यावर गर्दी धरूनच चाला.

कोम अल-शुकाफा मात्र चुकवू नका. एक गाढव खड्ड्यात पडलं आणि 1900 मध्ये ही जागा सापडली, असं सांगतात. बारवेत उतरावं तसं गोल जिन्याने खाली जायचं. मधल्या पोकळीतून प्रेतं दोरांनी खाली सोडत. खाली खडकात कोरलेले बाक असलेलं दालन आहे. नातेवाईक तिथे येऊन मृताच्या आठवणीत जेवत. मुख्य गर्भगृहाच्या दाराशी थांबा. दोन्ही बाजूंना दाढीवाले साप, त्यांच्या डोक्यावर इजिप्तचा दुहेरी मुकुट, आणि वर ग्रीक मेड्युसाचं तोंड असलेली ढाल. आत वळून बघाल तर कोल्ह्याच्या तोंडाचा, मृतांचा इजिप्शियन देव अनुबिस चक्क रोमन शिपायाचं चिलखत घालून पहाऱ्यावर उभा! दुसऱ्या शतकात या शहरात तीन संस्कृती कशा एकत्र नांदत होत्या, हे त्या एका दारात दिसतं. पूर्वी इथे भूजलाचा त्रास फार होता. ते उपसायचं काम 2019 मध्ये पूर्ण झालं. पायऱ्या शंभरेक आहेत. गुडघे दुखत असतील तर आधीच विचार करा.

तिथून जवळच ‘पाँपीचा स्तंभ’ आहे. अस्वानच्या लाल ग्रॅनाइटचा, एकूण सुमारे 27 मीटर उंच. रोमन सेनापती पाँपीचा त्याच्याशी काही संबंध नाही, तो रोमन सम्राट डायोक्लेशनसाठी उभारलेला. स्तंभ ज्या आवारात आहे तिथलं सेरापिस देवाचं देऊळ 391 मध्ये पाडलं गेलं, त्यामुळे बाकी आवार उजाड. दहा मिनिटं पुरेत.

त्या देवळातला काळ्या पाषाणाचा आपिस हा पवित्र बैल बघायचा तर ग्रीको-रोमन संग्रहालयात जावं लागतं. 2005 पासून ते बंद होतं आणि ऑक्टोबर 2023 मध्ये उघडलं, त्यामुळे मधल्या काळातल्या प्रवासवर्णनांवर विसंबून ते यादीतून काढू नका. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयातली, ब्रह्मपुरीत सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना इथल्या मूर्ती ओळखीच्या वाटतील. त्या काळी आपल्याकडच्या बंदरांतला माल तांबड्या समुद्रातून आणि पुढे नाईलमधून याच शहरात पोहोचायचा.

राष्ट्रीय संग्रहालय एका जुन्या इटालियन धाटणीच्या वाड्यात आहे. तळघरात फॅरो, मधे ग्रीक-रोमन, वर कॉप्टिक (इजिप्तच्या ख्रिश्चनांचा) आणि इस्लामी काळ; तासाभरात सगळं आटोपतं. लहान मुलं बरोबर असतील तर हेच बरं. पण कैरोचं मोठं संग्रहालय बघून आला असाल तर तळघर म्हणजे उजळणीच.

2002 मध्ये उघडलेलं नवं ग्रंथालय इमारत म्हणून देखणं आहे. समुद्राकडे कललेलं गोल छप्पर, जगभरातल्या लिप्यांची अक्षरं कोरलेली ग्रॅनाइटची भिंत. वास्तुरचनेची आवड असेल तरच आत जा.

रेल्वेने येणाऱ्यांना एक फायदा आहे. कोम अल-दिक्काचं रोमन नाट्यगृह मिस्र या मुख्य रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याजोगं आहे आणि तिथून ग्रीको-रोमन संग्रहालयही लांब नाही. आधी ही दोन करा, मग टॅक्सीने कोम अल-शुकाफा. परतीच्या गाडीला वेळ उरलाच, तर किल्ल्याकडे चक्कर.