मुळांसकट इंग्रजी शब्द शिकवणारा वर्ग, आणि त्याची पुस्तिका

सोलापूरच्या सात रस्ता परिसरातील एका शिकवणी वर्गात इंग्रजी शब्दांची ग्रीक आणि लॅटिन मुळे शिकवणारी आठ रविवारांची बॅच मी मुलीसोबत नुकतीच पूर्ण केली. ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असून शरीरशास्त्रातील शब्द घोकून कंटाळली होती. मी निव्वळ कुतूहलापोटी मागच्या बाकावर बसत असे.

शिकवण्याबद्दल तक्रारीला जागा नाही. ‘मायाल्जिया’ हा शब्द फळ्यावर मधोमध तोडून सरांनी सांगितले, की ग्रीकमध्ये ‘अल्गोस’ म्हणजे वेदना आणि ‘म्यूस’ म्हणजे उंदीर, तसाच स्नायूही. इंग्रजी ‘मसल’देखील लॅटिन ‘मुस्कुलुस’वरून, म्हणजे छोट्या उंदरावरून आला आणि आपला ‘मूषक’ त्याच कुळातला. मग त्यांनी दंड आवळून, याला आपण काय म्हणतो, असे विचारताच अर्धा वर्ग ‘बेटकुळी’ म्हणून ओरडला. रोमनांना कातडीखाली उंदीर दिसला, आपल्याला बेडूक! मुलीला हा शब्द पुन्हा पाठ करावा लागला नाही.

पुढच्या एका रविवारी सरांनी घरची सोलापुरी चादर टेबलावर पसरली. लॅटिन ‘तेक्सेरे’ म्हणजे विणणे. त्यातून ‘टेक्स्टाइल’ निघाला, ‘टेक्स्ट’ही निघाला आणि ‘कॉन्टेक्स्ट’ म्हणजे एकत्र विणलेले, हे ताण्याबाण्यावर बोट ठेवून ऐकताना, ज्यांच्या घरात हातमागाचा खडखड आवाज मुरलेला आहे, त्यांना वेगळे उदाहरण लागत नाही.

पुस्तिका मात्र निष्काळजीपणे केलेली आहे. तिच्या लॅटिन यादीत ‘कॉटन’ घातला आहे, जो अरबी ‘कुत्न’पासून आला, शेजारीच ‘टॉवेल’ आहे, जो मुळात जर्मानिक असून फ्रेंचमार्गे इंग्रजीत पोहोचला. टॉवेलच्या गावात ही चूक अधिकच खुपते. ‘सॅलरी’चा संबंध मिठाशी, म्हणजे ‘साल’शी आहे हे खरे, पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच देत असत, ही गोष्ट तिथे निःशंकपणे छापली आहे, जिला रोमनकालीन ठोस पुरावा नाही.

मी हे दाखवले तेव्हा सरांनी वाद न घालता माझ्या प्रतीवर पेनाने दुरुस्ती केली, ही त्यांची जमेची बाजू. मात्र पुढच्या बॅचच्या प्रती तोवर झेरॉक्स होऊन आल्या होत्या, तेव्हा नाव घालणाऱ्यांनी हे तीन शब्द पहिल्याच दिवशी स्वतः दुरुस्त करून घ्यावेत.